जुनीं भांडीं : मोडीचा भाव आणि इतिहासाचें मोल

परभणी जिल्ह्याच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित मनुष्याचें लक्ष प्रथम चारठाण्याच्या देवळांकडे जातें, नाहीं तर धारासूरच्या गुप्तेश्वराकडे. हें स्वाभाविक आहे. कोरीव पाषाण उघड्यावर उभा असतो आणि आपलें जुनेपण आपणच पाहणाऱ्यास सांगत असतो. परंतु ज्या घरांत आपण वाढलों त्या घराच्या माळ्यावर, बळदांत आणि न्हाणीच्या कोपऱ्यांत जो इतिहास पडून असतो, त्याच्याकडे पाहण्याची वेळ बहुधा एकाच प्रसंगीं येते. वाडा पाडावयाचा ठरतो, भावाभावांच्या वांटण्या होतात, आणि दाराशीं मोड घेणारा तराजू घेऊन उभा राहतो. घंगाळ, हंडे, समया, पराती, सगळें एका पारड्यांत पडतें. तांब्याचा एक भाव, पितळेचा दुसरा, कांशाचा तिसरा. त्या तराजूंत उतरतें तें धातूचें वजन. जें उतरत नाहीं त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. तोच येथें थोडासा मांडण्याचा विचार आहे.

आपल्याकडे भांड्यावर नांव घालण्याची चाल आहे. लग्नमुंजींत किंवा वास्तुशांतीस भांडें द्यावयाचें झालें म्हणजे कासाराच्या दुकानींच बारीक छिन्नीनें ठिपक्याठिपक्यांचीं अक्षरें उठवून घ्यावयाचीं : घेणाऱ्याचें नांव, देणाऱ्याचें नांव, नातें, गांव, आणि पुष्कळदां साल. आज या चालीचें आपणांस हंसूं येतें. पंगतीसाठीं उसनीं दिलेलीं भांडीं परत ओळखतां यावींत, एवढाच तिचा मूळ हेतु असावा. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां सामान्य कुटुंबानें स्वतः करवून ठेवलेला हा ताम्रपटच होय. राजांनीं दिलेले ताम्रपट आपण कांचेखालीं ठेवतों. मामानें भाचीला दिलेला ताम्रपट मोडींत घालतों. शिवाय एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. वतनाचे कागद, जमिनीचे कागद, कज्ज्यांचे निवाडे यांत पुरुषांचीं नांवें ओळीनें सांपडतात, स्त्रियांचीं क्वचित्. भांड्यांवर मात्र तीं आहेत, आणि कित्येकदां माहेरच्या गांवासह आहेत. पाथरीची मुलगी जिंतुरास दिली, सेलूची गंगाखेडास आली, हें वंशावळीच्या कागदावर उतरत नाहीं. घागरीच्या गळ्यावर उतरलेलें असूं शकतें.

आतां सालाविषयीं. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, आणि येथील जुन्या वस्तूंचा काळ ठरवितांना लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात. त्या राज्यांत एकाच वेळीं निरनिराळ्या कालगणना चालत. सरकारी दप्तर फसली सनाचें, नाण्यावर हिजरी सन, पंचांगांत शालिवाहन शक, आणि मारवाडी पेढीच्या वहींत विक्रम संवत्. समजा, एखाद्या परातीवर १३३० असा आंकडा आहे. तो इसवी सन धरला तर ती परात देवगिरीच्या यादवांचें राज्य बुडाल्यावर बारा-तेरा वर्षांनीं घडली असें होईल. आणि अशीं विधानें गंभीर चेहऱ्यानें करणारे लोक आहेत. तोच आंकडा हिजरी असेल तर साल १९११-१२ येतें, फसली असेल तर १९२०-२१. म्हणजे सातशें वर्षांची परात एकदम आजीच्या लग्नांतली ठरते. निराश होण्याचें कारण नाहीं. आजीचें लग्न हीदेखील इतिहासांतलीच गोष्ट आहे.

हा हिशेब कसा करावयाचा तें एकदां समजून घेतलें म्हणजे पुढें अडत नाहीं. दक्षिणेंतील फसली सन शाहजहानच्या अमदानींत १६३६ च्या सुमारास सुरू झाला. त्या वेळीं हिजरी १०४६ चालू होतें. तोच आंकडा घेऊन सारावसुलीच्या सोयीसाठीं पुढें सौर वर्षानें मोजणी चालविली. म्हणून फसली आंकड्यांत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो. हैदराबाद राज्यांत हें वर्ष आक्टोबराच्या पहिल्या आठवड्यांत लागत असे, त्यामुळें वर्षाचा मोठा भाग पुढच्या इसवी सनांत पडतो. हिजरी वर्ष चांद्र. तें सौर वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं तोकडें. दर तेहतीस वर्षांत तें एका वर्षानें पुढें पळतें, आणि म्हणूनच विसाव्या शतकाच्या आरंभीं हिजरी व फसली यांत आठ-नऊ वर्षांचें अंतर पडलेलें दिसतें. शकांत ७८ मिळवावे; संवतांतून ५७ वजा करावे. ज्याला आपले वडीलधारे 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणत तो संवत् १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा. आंकडे उर्दू वळणाचे असतील तर आणखी एक सावधगिरी पाहिजे. त्या लिपींत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि आपल्याला शून्यासारखा दिसतो तो पांच असतो. एवढ्या एका चुकीनें पन्नास वर्षांचा फरक सहज पडतो.

नाण्यांच्या बाबतींत तर दोन राज्यें एकाच थैलींत नांदत होतीं. निजामाचा तो हाली सिक्का आणि इंग्रजी तो कलदार. १९०३-०४ पासून हाली रुपयावर चारमिनाराचें चित्र आलें. त्याच्या मधल्या कमानींत एक लहानसें अक्षर असतें : मीम असेल तर महबूब अली खानाचा रुपया, ऐन असेल तर उस्मान अली खानाचा. भिंगाशिवाय वाचतां येणारी याहून सोपी खूण दुसरी नसेल. हालीचें वजन ११.१७८ ग्राम व चांदी शेंकडा ८१.८, कलदाराचें वजन ११.६६ ग्राम व चांदी शेंकडा ९१.६७. त्यामुळें सात हाली बरोबर सहा कलदार असा सर्वसाधारण हिशेब चाले. जुन्या लग्नाच्या यादींत 'हुंडा पांचशें, भांडीं साठांचीं' असें लिहिलेलें असेल, तर ते रुपये हाली कीं कलदार हें विचारल्यावांचून त्या आंकड्याला अर्थ नाहीं. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावरही कांहीं वर्षें दोन्ही नाणीं शेजारीं शेजारीं चाललीं.

मापांची कथा याहून बोधप्रद आहे. पायली, अधोली, शेर, मापटें, चिपटें, कोळवें, निळवें, हीं ओळीनें प्रत्येक आधीच्याच्या निम्मीं. १९५६ च्या कायद्यानें आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानें आलेल्या दशमान पद्धतीनें त्यांचा व्यवहारांतील अधिकार गेला; आतां तीं फुलें ठेवण्यासाठीं दिवाणखान्यांत येऊं लागलीं आहेत. एकटी अधोली घरोघर निघते. पायलीपासून निळव्यापर्यंत एका हाताची पुरी माळ मात्र क्वचित् दिसते, आणि जाणता संग्राहक तिचे निराळे पैसे मोजतो. परंतु मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच बाब. दशमानापूर्वीं शेर गांवोगांव सारखा नव्हता. मानवतच्या पेठेंतला शेर आणि सेलूच्या पेठेंतला शेर एकच असेल असें गृहीत धरतां येत नाहीं. एखादें माप अमुक पेठेंतील अमुक दुकानांतलें, एवढें पक्कें ठाऊक असलें तर त्यांत पाणी भरून, तें मोजून, त्या पेठेंतल्या शेराचें खरें प्रमाण काढतां येतें. आणि मग त्या पेठेच्या जुन्या वह्यांतले धान्याचे भाव बोलूं लागतात. तेंच माप मुंबईच्या चोरबाजारांत गेलें कीं तें पितळेचें एक सुबक पात्र उरतें. पितळ तेवढेंच, घाट तोच, वजन तेंच. गेली ती एक ओळ : हें कोठलें.

घडणीवरून काळ ओळखण्याच्या खुणा पुष्कळ सांगतात. त्यांपैकीं चारदोन विश्वसनीय आहेत. हातानें घडविलेल्या तांब्याच्या भांड्याला आंतून बाहेरून ठोक्यांच्या खुणा असतात, तांबट ज्याला मठारणें म्हणतात त्या कामाच्या. आणि पत्र्याच्या दोन कडा दातांत दात अडकवून डाख दिलेला सांधा पोटाशीं किंवा बुडाशीं दिसतो. यंत्रावर दाबून किंवा फिरवून काढलेल्या भांड्याला सांधा नसतो, आणि त्याच्या पृष्ठभागावर बारीक समकेंद्र वलयें असतात. कांशाची वाटी टिचकी मारतांच नाद धरून राहते व उंचावरून पडली तर फुटते, कारण तांब्याच्या सुमारें अठ्ठ्याहत्तर भागांस बावीस भाग कथील असें तें मिश्रण कठीण पण ठिसूळ असतें. 'जर्मन सिल्व्हर' या नांवांत चांदी आहे, धातूंत नाहीं. तें तांबें, जस्त व निकेल यांचें मिश्रण. पानाचे डबे विकतांना व विकत घेतांना हें लक्षांत ठेवलेलें बरें.

परंतु सर्वांत चांगली खूण झिजेची. हात जेथें पडतो तेथें वस्तु झिजते : अडकित्त्याच्या दांड्याची आंतली बाजू, तांब्याचा गळा, परातीचें बूड, समईची ज्या कडेशीं वात सारतात ती कडा. खोटें जुनेपण आणणारा कारागीर सगळीकडे सारखें झिजवितो, कारण त्यानें तें भांडें कधीं वापरलेलें नसतें. जंगालाचेंही तसेंच. हिरवट थर दिसला कीं गिऱ्हाईक भाळतें. पण जें भांडें चिंच आणि राख लावून रोज घासलें, त्याला जंगाल येणार कोठून? वापरांतल्या भांड्याचें जुनेपण अक्षरें पुसट होण्यांत आणि कांठ पातळ होण्यांत दिसतें. गडद हिरवें भांडें एक तर जमिनींत राहिलेलें असतें, नाहीं तर बाजारासाठीं आंबट लावून 'जुनें' केलेलें असतें.

जमिनींत राहण्याचेंही येथें एक जवळचें कारण आहे. १९४७-४८ च्या रझाकारांच्या धामधुमींत मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबें हद्द ओलांडून वऱ्हाडाकडे गेलीं. जड भांडीं बरोबर नेतां येत नसत; तीं कोणी परड्यांत पुरलीं, कोणी आडांत सोडलीं, अशा आठवणी जुन्या घरांतून अजून ऐकूं येतात. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस-कारवाईनंतर कित्येक मुसलमान कुटुंबांनाही गांव सोडावें लागलें, आणि त्यांच्या घरांतलीं पानदानें, तस्तें व सुरया दुसऱ्यांच्या हातीं गेल्या. तेव्हां परड्यांत हंडा निघाला तर एकदम यादवांचें स्मरण करण्याऐवजीं आधीं शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावें.

वरील घरांतल्या वस्तूंत एक प्रकार असा आहे कीं त्याची आपल्याकडे सर्वांत अधिक नासाडी अज्ञानानें होते. तो म्हणजे बिदरी काम. बिदर आतां कर्नाटकांत आहे. परंतु १९५६ पर्यंत परभणी व बिदर एकाच राज्याचे जिल्हे होते, आणि आजही परभणीहून परळी-उदगीरवरून बिदरास रेल्वे जाते. जहागीरदार, देशमुख, सरकारी अंमलदार यांच्या बैठकींत हुक्क्याचें बूड, पानदान, पिकदाणी, अत्तरदाणी हीं बिदरीचीं असणें हें प्रतिष्ठेचें लक्षण होतें. याची घडण अशी. जस्ताच्या सोळा भागांस तांब्याचा एक भाग अशा सुमाराचें मिश्रण ओतून वस्तु करतात. ती कानशीनें साफ करून मोरचुदाच्या पाण्यानें तात्पुरती काळी करतात, म्हणजे नक्षीची रेघ उठून दिसते. मग छिन्नीनें घरें खोदून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. शेवटीं वस्तु किंचित् तापवून तिला नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यांतील माती यांचा लेप चोळतात. या लेपानें जस्ताचें मिश्रण कायमचें काळें पडतें, चांदी मात्र पांढरी शुभ्र राहते. वर तेलाचा हात दिला कीं झालें.

म्हणजे या वस्तूचें काळेपण हाच तिचा अलंकार. आपल्या घरांत होतें काय, तर सून किंवा नोकर तें भांडें पाहून 'चांदी काळी पडली' असें समजून चिंच, राख, हल्लीं बाजारांत मिळणारी आम्लाची पूड लावून चारदोन दिवाळ्यांत घांसून काढतात, आणि शंभर वर्षें टिकलेली नक्षी करड्या जस्तावर विरून जाते. बिदरीला ओलें फडकें व नंतर गोड्या तेलाचें बोट एवढेंच पुरतें. ओळखण्याची रीत सोपी आहे. वस्तु आकाराच्या मानानें जड लागते. लोहचुंबक चिकटत नाहीं. आणि नखानें किंवा चिंधीनें चोळून काळा रंग सुटत नाहीं. सुटला तर तो नुसता रंग समजावा. जुन्या कामांत चांदी जाड व खोल बसविलेली असते. नव्या स्वस्त कामांत ती पातळ असल्यानें कडेनें उचकटूं लागते. काम मात्र जिवंत आहे. बिदरच्या कारागिरांना २००६ सालीं भौगोलिक चिन्हांकनाचें संरक्षण मिळालें.

मनमाड-सिकंदराबाद मार्गाची रेल्वे १९०० च्या सुमारास परभणीवरून धांवूं लागली आणि तिच्याबरोबर मुंबईचा माल खोल खेड्यांपर्यंत येणें सोपें झालें : कांचेचे दिवे, एनॅमलच्या थाळ्या, अमेरिकन घड्याळें, चिनी मातीच्या कपबशा. यांत दुर्मिळ फार थोडें. चिनी मातीच्या भांड्याखालीं देशाचें नांव छापलेलें असेल तर तें बहुधा १८९१ नंतरचें, कारण त्या वर्षीं अमेरिकेनें आयात मालावर मूळ देशाचें नांव सक्तीचें केलें व कारखान्यांनीं तोच शिक्का सर्वत्र चालविला. अ‍ॅल्युमिनियमचीं भांडीं घडविण्यास मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ सालीं आरंभ केला. त्याआधींचें अ‍ॅल्युमिनियमचें देशी भांडें कोणी दाखवूं लागला तर नमस्कार करून उठावें.

उठून जाण्याचे प्रसंग याहून गंभीरही येतात. गेलीं कित्येक वर्षें एक ठकबाजी गांवोगांव हिंडत आहे. जुन्या तांब्याच्या भांड्याला वीज लागून त्यांत अद्भुत धातु उतरला आहे, तें तांदूळ ओढून घेतें, परदेशांतील शास्त्रज्ञ त्याचे कोट्यवधि रुपये देतात; फक्त तपासणीचा खर्च आधीं द्यावयाचा. तांदळांत लोखंडाची बारीक पूड मिसळली आणि भांड्यांत चुंबक लपविला कीं हा चमत्कार कोणीही करील. दुसरी जात कंपनी सरकारच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या राम-मारुतीच्या तांब्याच्या नाण्यांची. त्यावर १८१८ सारखें साल आणि ईस्ट इंडिया कंपनीचें नांव. कंपनीनें अशीं नाणीं कधींच पाडलीं नाहींत. शेती गहाण टाकून या फंदांत पडलेलीं माणसें अडाणीच असतात असें नाहीं. आपल्या घरांत कांहीं तरी अमोल पडलें आहे, जग तें ओळखत नाहीं, ही भावना शिकलेल्यालाही गोड वाटते, आणि ठक तिच्यावरच जगतो.

मग खरी किंमत ती कोणती? स्पष्ट बोलावयाचें तर शंभर वर्षांची घागर हजारों घरांत आहे व तिची बाजारांतील किंमत मोडीहून फारशी वर जात नाहीं. जुनें म्हणजे मौल्यवान हें समीकरण चूक आहे. धातूचा भाव हा पाया. त्यावर कारागिरी, पूर्णता, दुर्मिळता यांचे मजले चढतात. झांकण हरवलेला करंडा अर्धा, जोडींतली एक समई अर्ध्याहून कमी. देवघरांतले चांदीचे टाक सहसा फार जुने नसतात, कारण झिजलेले टाक सोनाराकडे देऊन नवे करून घेण्याची चाल आहे. म्हणूनच खरोखरीचा जुना टाक दिसला तर त्याची नीट चौकशी करावी. परंतु या सर्वांवरचा मजला ठावठिकाण्याचा. त्याचें उत्तम उदाहरण मराठवाड्यांतच आहे. तेर येथील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आपल्या गांवच्या पांढरींत, शेतांत सांपडणारे मणी, मृण्मय बाहुल्या, नाणीं, हस्तिदंताच्या मूर्ति वर्षानुवर्षें जमविल्या. प्राचीन तगर नगर तें हेंच. एकेक मणी पाहिला तर दोन पैशांचा. पण सगळे तेरचे आहेत हें निश्चित असल्यामुळें त्यांवरून रोमशीं चाललेल्या व्यापाराचा पुरावा उभा राहिला, आणि आज तें शासकीय संग्रहालय आहे. पुण्यास 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनीं (१८९६-१९९०) दिवे, अडकित्ते, वज्र्या, चुनाळीं यांसारख्या स्वयंपाकघरांतल्या व न्हाणींतल्या वस्तूंचें संग्रहालय आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नांवें उभें केलें. ज्या वज्रीनें टांच घासली ती कांचेच्या कपाटांत ठेवण्याजोगी असते, हें महाराष्ट्राला त्यांनीं पटविलें. परंतु परभणीची वस्तु पुण्यास गेली कीं ती 'मराठवाडा' एवढ्या एका शब्दाखालीं बसते, ही खंत मनांतून जात नाहीं.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९७२ चा पुराणवस्तु अधिनियम १९७६ च्या एप्रिलपासून लागू आहे. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तु आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित यांस तो लागू पडतो. अशी वस्तु खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो. जमिनींत धन सांपडलें आणि तें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें असलें, तर १८७८ च्या निधि-निखात कायद्यानें जिल्हाधिकाऱ्यास कळविणें बंधनकारक आहे. घरांतली घागर घरांत ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. विकावयाचीच असेल तर विकण्यापूर्वीं तिच्यावरच्या अक्षरांवर कागद ठेवून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा, खालीं घर, गांव व कोणी कोणाला दिली हें लिहावें. याला पांच मिनिटें लागतात. घेणारा पुढें तिला यंत्रावर चकचकीत करणार, आणि पहिलीं जाणार तीं अक्षरेंच.

एक वस्तु मात्र मोड घेणाराही नेत नाहीं : जातें. काळ्या दगडाच्या दोन तळ्या, मध्यें खुंटा, कडेला हातीचा खुंटा. गंगाखेड हें जनाबाईचें गांव, आणि तिच्या आख्यायिकेंत विठ्ठल येऊन बसतो तो जात्याशींच. तरी जात्याला बाजारांत भाव नाहीं. दळून दळून पाळी गुळगुळीत झाली कीं टाकी लावून ती पुन्हां खरबरीत करीत. प्रत्येक टाकीबरोबर दगड थोडा पातळ होई. जात्याच्या वरच्या तळीची जाडी कडेला व मध्यें मोजून पाहिली तर त्या घरांत किती दळलें गेलें याचा अंदाज येतो. असा जमाखर्च दुसऱ्या कोणत्याही वस्तूंत इतका उघड लिहिलेला नाहीं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनीं महाराष्ट्रांतील गांवोगांव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत परभणी जिल्ह्यांतील ताडकळसच्या ओव्या ध्वनिमुद्रित आहेत. ज्या जात्यांवर अशा ओव्या म्हटल्या गेल्या त्यांपैकीं पुष्कळ आज नव्या घरांच्या पायऱ्यांना आणि नळाखालच्या फरशीला बसविलेलीं आहेत. बादली ठेवण्यास तो दगड सपाट पडतो. मधल्या भोकांतून पाणी निघून जातें.